जुनं घडीचं पार्टिशन घरी आणताना: ठाणे-नवी मुंबईच्या फ्लॅटसाठी पहिल्यापासून शेवटपर्यंत

घोडबंदर रोडच्या आमच्या फ्लॅटचं मुख्य दार थेट हॉलमध्ये उघडतं आणि शेजाऱ्यांचं दार बरोबर समोर आहे. कुरिअरवाला आला तरी जेवणाच्या ताटापर्यंत सगळं दिसायचं. भिंत घातली तर उजेड जातो, जाड पडदा लावला तर वारा अडतो. म्हणून एक जुनं, सागवानी चौकटीचं, वेत विणलेलं घडीचं पार्टिशन शोधून आणलं. आता येणारा प्रत्येक जण दोनच प्रश्न विचारतो: हे मिळालं कुठे, आणि आम्हालाही मिळेल का?

मिळेल. पण या बाजारात ‘अँटिक’ हा शब्द फार सढळपणे वापरला जातो, आणि चांगल्या जुन्या वस्तूची वाट खरेदीनंतरच्या आठवड्यात, पॉलिशवाल्याच्या हातून लागते. म्हणून सगळं क्रमाने सांगते.

१. आधी घर मोजा

घडीचं पार्टिशन सरळ रेषेत उभं राहत नाही, नागमोडी ठेवावं लागतं. त्यामुळे विक्रेता सांगतो ती रुंदी तुम्हाला घरी मिळत नाही. समजा १८ इंचांचे चार पॅनल आहेत. सरळ उघडले तर ७२ इंच. दोन पॅनलमधला कोन १२० अंशांचा ठेवला की प्रत्यक्षात साधारण ६२ इंच झाकले जातात आणि ९ इंच खोली जाते. काटकोनात ठेवलं तर ५१ इंचच झाकले जातात आणि जवळपास १३ इंच खोली अडते. आमच्या अनुभवात १२० अंशांच्या आसपासचा कोन सगळ्यात सोयीचा. त्याहून सरळ केलं की एका धक्क्यात आडवं होतं.

जागा ठरली की पेंटरची कागदी टेप घेऊन लादीवर तशीच नागमोडी रेघ मारा आणि दोन दिवस तिच्यासह वावरा. दार पूर्ण उघडतंय का, फ्रीजकडे जाताना वळसा पडतोय का, आजींचा वॉकर जातोय का, हे तेव्हाच कळतं. वाशी-नेरुळच्या सिडकोच्या जुन्या घरांमध्ये खोल्या लहान आहेत. तिथे चारऐवजी तीन पॅनलचं बघा.

उंची साडेपाच ते सहा फूट पुरते. बसलेल्या माणसाला आडोसा मिळतो आणि वरून हवा-उजेड खेळतो. मोठ्या बंगल्यांमधून निघालेली पार्टिशनं सात फुटांची असू शकतात. ती घेण्याआधी बिल्डिंगच्या लिफ्टचं दार मोजा, कारण बऱ्याच लिफ्टचं दार दोन मीटर उंचीचं, म्हणजे साडेसहा फुटांचं असतं. तिरपं करून आत जाईल का, नाहीतर जिन्याच्या वळणावर फिरेल का, हे आपल्या बिल्डिंगमध्येच बघून ठेवायचं.

२. काय काय बघायला मिळेल

सगळ्यात जास्त दिसतं ते सहारनपूरचं शिसमचं काम: चार पॅनल, सहा फूट उंची, वेलबुट्टीची जाळी. काम सुंदर असतं, पण बहुतेक माल नवा असतो. नवा म्हणून, नव्याच्या भावात घेतला तर काहीच हरकत नाही.

दुसरा प्रकार मला सगळ्यात जवळचा. सागवानी चौकट, आत वेताचं विणकाम, कापड किंवा रंगीत काच. मुंबईच्या जुन्या घरांत, वकिलांच्या कचेऱ्यांत, डॉक्टरांच्या दवाखान्यांत अशी पार्टिशनं वापरात होती. नक्षी कमी, पण लाकूड आणि सुतारकाम पक्कं. आपल्या फ्लॅटमध्ये हीच जास्त शोभतात, कारण छोट्या हॉलमध्ये भरगच्च कोरीव काम अंगावर येतं.

तिसरा प्रकार म्हणजे मुंबईत १९व्या शतकात घडलेलं काळसर शिसवीचं दाट कोरीव फर्निचर. त्यातलं पार्टिशन क्वचित हाती लागतं आणि वजनाला भारी असतं.

चिनी आणि जपानी घडीच्या पडद्यांची, म्हणजे तिकडच्या पार्टिशनांची, फर्माईश बरेच जण करतात. चीनमध्ये बनून कोरोमंडल किनाऱ्यावरच्या बंदरांमार्गे १७व्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपला जाऊ लागलेले लाखकामाचे पडदे बहुधा बारा पॅनलचे असत. आपल्या हॉलमध्ये ते मावणारच नाहीत. जपानी पडदे कागदाचे किंवा रेशमाचे, त्यांच्या बिजागऱ्यासुद्धा कागदाच्या. खाडीकाठच्या पावसाळ्यात त्यांचे हाल बघवणार नाहीत. डोळ्यांना सवय लावायची असेल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या चिनी-जपानी वस्तू तिथे आहेत. १८७२ साली सुरू झालेलं भायखळ्याचं संग्रहालय, आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १९व्या शतकातल्या कारागिरीसाठी बघा. तासभर खरं जुनं काम बघितलेल्या माणसाला बाजारात फसवणं अवघड जातं.

३. शोधायचं कुठे

चोर बाजारातली मटन स्ट्रीट ही पहिली जागा. शुक्रवारी तिथली दुकानं बंद असतात, तेव्हा तो वार सोडून जा. सँडहर्स्ट रोड स्टेशन ठाण्याहून येणाऱ्या स्लो लोकललाही पडतं आणि वाशी-बेलापूरहून येणाऱ्या हार्बरलाही. दुसरी जागा जोगेश्वरी पश्चिमेचा ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचरचा बाजार. तिथे माल भरपूर, गोदामं मोठी आणि वस्तू बाहेर उजेडात काढून बघता येते. सीबीडी बेलापूरचं अर्बन हाट आणि वाशीच्या सिडको केंद्रातली प्रदर्शनं नव्या हस्तकलेसाठी चांगली. जुनं शोधायला मात्र तिथे जाऊ नका.

चौथी जागा कुणी लक्षात घेत नाही. नौपाडा, पाचपाखाडी, मुलुंड, डोंबिवली, जिकडे बघाल तिकडे जुन्या इमारती पुनर्विकासाला गेल्या आहेत. घर रिकामं करताना लोक सागवानी कपाटं, पार्टिशनं भंगारवाल्याला देऊन टाकतात. ओळखीतल्या काका-मावशींना, सोसायटीच्या ग्रुपवर आधीच सांगून ठेवा. अशा घरातून आलेल्या वस्तूचा इतिहास वापरणाऱ्या माणसाच्या तोंडून कळतो, आणि तो कुठल्याही दुकानदाराच्या सांगण्यापेक्षा भरवशाचा.

४. पिशवीत हे असू द्या

- मोजपट्टी आणि घरची मापं लिहिलेला कागद
- टॉर्च (मोबाइलचा चालतो, पण वेगळा असला की हात मोकळा राहतो)
- छोटा लोहचुंबक
- जुनं वर्तमानपत्र
- चपट्या तोंडाचा आणि फुलीचा, असे दोन स्क्रू ड्रायव्हर
- कोरडं सुती फडकं

सोबत एक माणूस न्या. पार्टिशन आडवं करून बघायला दोन जण लागतात.

५. वस्तू तपासा, घाई न करता

समोरून कौतुक करण्याआधी ते उलटं करायला सांगा. पायांचे तळ बघा. वर्षानुवर्षं जमिनीवर घासलेला पाय कडेला गोलसर होतो, मळकट काळा पडतो, आणि सगळे पाय सारखे झिजत नाहीत. सगळ्या पायांचा रंग एकसारखा, कापलेली कड धारदार आणि त्यावर ताजा गडद डाग असेल तर वस्तू नवी आहे.

मग झीज कुठे आहे ते बघा. माणूस पार्टिशन हलवताना कमरेच्या वरच्या उंचीला धरतो, म्हणजे तिथली कड गुळगुळीत झालेली असणार. झाडू आणि फडकं लागतं खाली. सगळीकडे सारखीच ‘झीज’ असेल, कोरीव कामाच्या खोल खाचांतही पॉलिश पेपर फिरवल्यासारखं दिसत असेल, तर ते म्हातारपण मुद्दाम आणलेलं आहे.

आता चौकटीत बसवलेलं लाकडी पॅनल टॉर्च तिरपा धरून बघा. लाकूड वर्षांगणिक रुंदीत आकसतं. पॅनल चौकटीच्या खाचेत मोकळं बसवलेलं असल्यामुळे ते आकसलं की कडेला एक बारीक, फिकट, पॉलिश न लागलेली रेघ उघडी पडते. ही रेघ बघायला मला फार आवडतं. ती दिसली तर निदान एवढं नक्की की पॉलिश झाल्यावर लाकूड बराच काळ या हवेत राहिलंय.

मागची बाजू बोटांच्या टोकांनी चाचपा. हाताच्या रंध्याने तासलेल्या फळीवर अगदी हलक्या लाटा लागतात. मशीनवरची फळी सपाट लागते. मागे प्लायवूड असेल तर वस्तू ‘दीडशे वर्षं जुनी’ नाही, निदान मागची बाजू तरी नाही.

एक बिजागरी सोडवून दाखवा म्हणा. नाही म्हणणारे भेटतात, पण विचारायला काय हरकत आहे? बिजागरीखालचं लाकूड हवेपासून झाकलेलं राहतं, त्यामुळे तिथे बिजागरीच्याच आकाराचा वेगळ्या रंगाचा ठसा दिसायला हवा. शेजारी बुजवलेली जुनी भोकं दिसली तर बिजागऱ्या बदलल्या आहेत. त्याने बिघडत नाही, भाव मात्र त्याप्रमाणे ठरवायचा. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३०च्या दशकात बाजारात आले. सगळे स्क्रू तसे असतील आणि विक्रेता ‘ब्रिटिशांच्या आधीचं’ म्हणत असेल, तर हसून पुढचा प्रश्न विचारा. लोहचुंबक बिजागरीला लावा. पितळेला तो चिकटत नाही. चिकटला तर लोखंडावर पितळी मुलामा आहे, आणि सीवूड्स किंवा पाम बीच रोडच्या खाऱ्या हवेत तो गंजणार.

शेवटी कीड. पार्टिशनखाली वर्तमानपत्र पसरा आणि चौकटीवर मुठीने ठोका. बारीक, फिकट, ताजा भुगा पडला तर आत किडा जिवंत आहे. भोकं आहेत पण कडा काळवंडलेल्या आणि भुगा नाही, तर ती जुनी, थांबलेली कीड. पायाजवळ वाळवीची मातीची नळी दिसली किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर कितीही सुंदर असो, सोडून द्या. त्या एका पार्टिशनपायी घरातली कपाटं आणि दारांच्या चौकटी धोक्यात येतात.

मोडलेला वेत, फुटलेली काच, निघालेलं कापड यांना घाबरू नका, ते सगळं बदलता येतं. पिळलेली चौकट मात्र सरळ होत नाही. चारही पॅनल एकावर एक घडी करून बाजूने बघा, पीळ लगेच दिसतो.

६. भाव, पावती आणि कायदा

आधी त्याच मापाच्या नव्या सहारनपुरी पार्टिशनचा भाव दोन ठिकाणी विचारून घ्या. तो तुमचा पाया. वर किती द्यायचं ते लाकडावर, सुतारकामावर आणि शाबूत असलेल्या मूळ भागांवर ठरवा, सांगितलेल्या गोष्टीवर नको. ‘पारशी घरातला पीस आहे’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक दुकानात ऐकू येतं. खरंही असेल, पण त्याला पुरावा लागतो.

पक्की पावती मागा आणि तिच्यावर लाकडाचा प्रकार, माप, पॅनलची संख्या, अंदाजे वय आणि झालेली दुरुस्ती लिहून घ्या. तोंडी शंभर वर्षं सांगणारा पावतीवर ‘जुनं फर्निचर’ एवढंच लिहायला लागला की तुम्हाला उत्तर मिळालं. सगळ्या बाजूंचे आणि बिजागऱ्यांचे फोटो तिथेच काढा.

पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा, १९७२ प्रमाणे शंभर किंवा अधिक वर्षं जुनी कलावस्तू ही पुरावशेष ठरू शकते. पुरावशेषांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाहीत. मुलगा अमेरिकेत आहे, पुढे त्याच्याकडे पाठवू, असा विचार असेल तर हे आधीच लक्षात घ्या. वस्तू पुरावशेष नाही असं प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून घ्यावं लागेल. पांढऱ्या जडावकामाला विक्रेता हस्तिदंत म्हणाला तर तिथूनच परत फिरा. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याचा व्यापार बंद आहे. बहुतेक वेळा ते हाड किंवा प्लास्टिक निघतं, पण ती शहानिशा आपण आपल्या पैशांवर कशाला करायची?

७. घरी आणणं

छोटा हत्ती, म्हणजे छोटा टेम्पो, पुरतो. पार्टिशन घडी करून, पॅनलच्या मध्ये जुन्या चादरी घालून, उभं आणि बाजूला टेकवून बांधा. दोरी कोरीव कामावर आवळू नका, चौकटीवरूनच घ्या. काच असेल तर वर कागदी टेपची फुली मारा. सोसायटीत आदल्या दिवशी कळवा. गेट पास, सामानाच्या लिफ्टची वेळ, कुठे कुठे अनामत रक्कम, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं.

घरी आल्यावर ते लगेच हॉलमध्ये नको. गॅलरीत किंवा कोरड्या खोलीत वर्तमानपत्रावर दोन-तीन आठवडे वेगळं ठेवा. भुगा पडतोय का ते रोज बघा. पडला तर पेस्ट कंट्रोलवाल्याकडून भोकांत इंजेक्शन देऊन घ्या, आणि मगच बाकीच्या फर्निचरजवळ न्या.

८. पॉलिश: इथे हात आखडता घ्या

या पायरीवर थोडी अडून बसा. पॉलिशवाला येईल आणि म्हणेल, ‘सगळं घासून काढतो, मेलामाइन मारतो, एकदम नवं दिसेल.’ मेलामाइन म्हणजे लाकडावर कडक थर देणारं आजकालचं पॉलिश. नवं दिसण्यासाठी आपण जुनं आणलेलं नाही. पॉलिश पेपरने वरचा थर गेला की त्या लाकडाने हाताच्या स्पर्शाने, उजेडाने, वर्षांनी कमावलेला रंगही गेला, आणि तो परत येत नाही.

आधी कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा. कोरीव कामाला जुना दाढीचा ब्रश उत्तम. मग किंचित ओलं फडकं, लगेच कोरडं फडकं. बरेचदा एवढ्यानेच लाकूड उजळतं.

जुनं पॉलिश कुठलं आहे ते मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी तपासा. कापसावर थोडं स्पिरिट घेऊन टेकवा. चिकट होऊन रंग कापसाला लागला तर ते चपडा लाखेचं फ्रेंच पॉलिश. त्यावर लाखेचाच पातळ हात देता येतो आणि उडालेले भाग तेवढेच भरता येतात. काहीच झालं नाही तर नंतर कुणीतरी मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन, तसंच आजकालचं पॉलिश) मारलंय. ते शाबूत असेल तर तसंच राहू द्या.

लाकूड अगदीच कोरडं, पांढुरकं दिसत असेल तर जवसाचं तेल, म्हणजे पेंटरचं बेलतेल, टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फडक्याने अगदी थोडं चोळा आणि जास्तीचं पुसून घ्या. इथे एक गंभीर सूचना: या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता बाहेर पडते आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. ते पाण्यात बुडवा किंवा बाहेर मोकळं पसरून वाळवा.

रंगवलेलं पार्टिशन असेल तर रंग कोरडा खरवडू नका, घरात लहान मूल असेल तर मुळीच नको. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली ती २०१७ साली. रंग सुटत असेल तर ते काम जाणकारालाच द्या.

बिजागऱ्या बदलायच्या झाल्या तर दोन्ही बाजूंनी वळणाऱ्या पितळी घ्या. जुन्या काढलेल्या पिशवीत घालून, चिठ्ठी लावून जपा. वेत विणणारे कारागीर आता कमी झालेत. दुकानदारालाच विचारा, त्याचा ठरलेला माणूस असतो. मशीनवर विणलेली वेताची तयार चटई स्वस्त पडते. हाताने विणलेलं मात्र चौकटीच्या भोकांमधून ओवलेलं असतं आणि ओढ नीट धरतं.

९. मांडणी आणि पावसाळा

विट्रिफाइड लादीवर लाकडी पाय घसरतात. प्रत्येक पायाखाली रबराचे तुकडे लावा. त्याने दुसराही फायदा होतो: लादी पुसताना पाणी पायाच्या तळाला लागत नाही. लाकडाचा तळ पाणी सगळ्यात जास्त पितो, आणि पार्टिशन कुजायला सुरुवात होते ती तिथूनच. घरकामाला येणाऱ्या ताईंना हे एकदा नीट समजावून सांगा. घरात लहान मूल किंवा उड्या मारणारं मांजर असेल तर शेवटचं पॅनल भिंतीला पट्ट्याने अडकवा. पट्ट्याचा स्क्रू भिंतीत घ्या, जुन्या चौकटीत नको. चौकटीला पट्टा नुसता गुंडाळला तरी पुरतो.

एसीचा झोत थेट येईल अशी जागा टाळा. पश्चिमेच्या खिडकीचं दुपारचं ऊनही एकाच बाजूवर रोज पडू देऊ नका, नाहीतर अर्धं पार्टिशन फिकट होतं. अधूनमधून बाजू पालटा. गणपतीत मखरामागे उभं करायला ते सुरेख दिसतं, पण माळा सुती दोऱ्यानेच बांधा. डबल टेप काढताना पॉलिश सोबत घेऊन येते. समई आणि पार्टिशन यांच्यात हातभर अंतर हवंच.

जूनच्या आत भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवा, मागून वारा फिरला पाहिजे. पावसात लाकूड फुगतं आणि घडी जड होते. जोर करू नका, बिजागरीचे स्क्रू उपटून येतात. तेव्हा तेल-पॉलिशही नको, कारण ओल आत अडकते आणि लाखेवर पांढरे डाग उमटतात. बुरशीचा पांढरा थर आला तर कोरड्या फडक्याने पुसा आणि पंखा सोडा. पॉलिशवाल्याला बोलवायचं असेल तर दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर बोलवा.